हायड्रोजनचा गुलाबी

दिवाळी सरली की हैदराबादेत आमच्या चिक्कडपल्लीच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या कमी होतात आणि बंड्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, जाम दिसायला लागतात. पेरूला आम्ही इथले लोक जामच म्हणतो. पुण्याहून नव्याने आलेल्या शेजारणी त्यावर हसतात आणि दोन वर्षांत स्वतःही तेच म्हणू लागतात. हवा कोरडी होते. ओठ फुटतात. दोरीवर टाकलेले टॉवेल दुपारपर्यंत पापडासारखे कडक होतात. आणि जेवणं आटोपून गच्चीवर गेलं की पूर्वेला, समोरच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीवर, मृग नक्षत्र कुशीवर आडवं झोपलेलं दिसतं.

त्याला पाहून मला आनंद व्हायला हवा. होतोही. माझा सगळा छंदच त्याच्यावर उभा आहे. पण आनंदाच्या आधी, अर्धा क्षण, मानेवरून काहीतरी गार सरकतं आणि मी मागे वळून बघते. मागे कुणी नसतं. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मात्र नाना असायचे. आणि नानांना दिसणारी ती.

नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी माधापूरचा फ्लॅट सोडून त्यांच्याकडे परत राहायला आले, तेव्हा त्यांचे डोळे जायला लागले होते. आंधळे नव्हते झाले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. म्हणजे समोर बघितलं की बरोबर मध्ये एक राखाडी भोक, आणि कडेने जग शाबूत. माणसाचा चेहरा दिसायचा नाही, कान दिसायचे. ताटातली भाकरी दिसायची नाही, ताटाची कड दिसायची. त्यामुळे ते कुणाशीही बोलताना मान एका बाजूला वळवून बोलत, जणू रुसले आहेत. नवख्या माणसाचा गैरसमज व्हायचा. "बाबा रागावलेत का?" असं दूधवाल्यानेसुद्धा मला विचारलं होतं.

हेच नाना तरुणपणी आबिड्सच्या एका फोटो स्टुडिओत फोटो रंगवायचे. रंगीत फिल्म सगळीकडे यायच्या आधीची गोष्ट. काळा-पांढरा फोटो आधी पिवळसर तपकिरी करून घ्यायचा आणि मग काडीला कापूस गुंडाळून त्यावर पातळ रंग चढवायचे: गालांना लाली, साडीला काठ, मागच्या पडद्याला आकाश. नवरा-नवरीचे फोटो, मयत माणसांचे मोठे करून घेतलेले फोटो. मी जन्मले तोवर ते काम संपलं होतं. मला ठाऊक असलेले नाना अंधाऱ्या खोलीत प्रिंट धुणारे, बोटांना औषधाचा वास येणारे.

म्हणून मी गच्चीवर दुर्बीण मांडायला लागले तेव्हा त्यांना कुतूहल वाटलं. रोज संध्याकाळी भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत ते वर यायचे आणि लॅपटॉपच्या उजेडाकडे मान वळवून बसायचे.

"काय काढायलीस माय आज?" मुलीला माय म्हणायची सवय त्यांनी गावाकडून आणली होती.

"मृगातला तेजोमेघ, नाना. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे ना, त्याच्या टोकाच्या ताऱ्याखाली. घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार आहे, धुळीचा. आणि त्याच्या मागे लाल पडदा."

"आणि हे सगळं चिक्कडपल्लीतून दिसतंय?"

नुसत्या डोळ्याने काहीच दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. इथलं आकाश दिव्यांनी पिवळट झालेलं असतं. पण कॅमेऱ्यापुढे एक फिल्टर लावला, की तो बाकीचा सगळा प्रकाश अडवतो आणि तापलेला हायड्रोजन वायू जी एक बारीकशी लाल रेघ सोडतो, तेवढीच आत घेतो. रस्त्यावरचे दिवे, चंद्र, समोरच्या मजल्यावरचा टीव्ही, सगळे बाहेर उभे राहतात. पाच पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे.

नानांनी मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं. "पण हे तर काळं-पांढरंच हाय."

"हो. एकाच रंगाचा प्रकाश, म्हणून कॅमेरा फक्त कमी-जास्त एवढंच सांगतो."

"मग रंग कोण भरनार?"

"मी."

ते हसले. आई गेल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच असं मोकळं हसताना बघत होते. "म्हणजे माझाच धंदा की गं," ते म्हणाले.

अगदी तसंच नव्हतं ते. रंग मनाने भरायचे नव्हते. त्यासाठी दुसऱ्या कॅमेऱ्याने, खऱ्या अंधाऱ्या आकाशाखाली रंगीत फोटो काढावे लागतात. शहरातून आणलेला हायड्रोजनचा तपशील आणि रानातून आणलेला रंग, दोन्ही संगणकावर एकमेकांवर ठेवून ताऱ्यावर तारा जुळवायचा आणि मग मिसळायचं. सगळी कसोटी त्या मिसळण्यात असते.

विकाराबादच्या पुढे आमच्या ओळखीच्यांचं शेत आहे. डिसेंबरातल्या एका अमावास्येला मी नानांना घेऊन तिकडे गेले. कंबरेइतकी ज्वारी उभी होती आणि बांधावरच्या तुरीच्या शेंगा वाळून वाऱ्यावर खुळखुळत होत्या. सूर्य नुकताच बुडाला होता. मी कॅमेऱ्याची तिपाई मांडत होते, नाना शाल पांघरून खुर्चीत बसले होते. ते ज्वारीकडे तोंड करून होते. थोड्या वेळाने त्यांनी अगदी सहज विचारलं,

"या लेकराला थंडी वाजत नसेल का? कुणाचं हाय?"

मी वळून बघितलं. ज्वारी होती, बांध होता. "कुठलं लेकरू, नाना?"

"ती काय. पिकाच्या कडेला. फ्रॉक घातलेली."

माझ्या हातातला स्क्रू मातीत पडला. मी तो शोधायला खाली बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले, कारण वर बघायचं धाडस होत नव्हतं. नानांनी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. मग शाल ओढून घेत स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "गेली."

त्या रात्री मी ठरल्याप्रमाणे रंगीत फोटो काढले. आकाश फार सुरेख होतं. पण मी सबंध वेळ ज्वारीकडे पाठ करून उभी होते.

डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते दचकले नाहीत. डोळ्याचा मधला भाग रिकामा झाला की मेंदूला तो रिकामेपणा सोसत नाही, ते म्हणाले. तो स्वतःजवळचं काहीतरी काढून तिथे मांडतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला टोप्या घातलेली माणसं, कुणाला लहान मुलं. वेड नाही, बाहेरची बाधा नाही. "घाबरायचं नाही बाबा, ती काही करणार नाही," असं त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. मला हायसं वाटलं. नाना मात्र रिक्षात, घर जवळ आल्यावर, एवढंच म्हणाले, "डॉक्टरला काय माहीत की. स्वतःजवळचं म्हनतो."

ती कधी स्वयंपाकघराच्या दारात असायची, कधी जिन्यावर. बोलायची मात्र कधीच नाही. नाना मला मुद्दाम सांगत नसत. पण त्यांची मान एखाद्या ठिकाणी अडकून राहिली की मला कळायचं, आणि मी तिथून जाताना नकळत थोडा वळसा घालून जायचे. मी संगणकाची परीक्षा पास झालेली, बँकांचं सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. वळसा घालून जायचे.

दिवसा, सुट्टीच्या दुपारी, मी मिसळण्याचं काम करायला घेतलं. पहिल्या वेळी चूक केलीच. हायड्रोजनचा सगळाच्या सगळा तपशील लाल रंगात ओतला. पडद्यावर जे आलं ते बघून कुणीही वा म्हणालं असतं: रक्तासारखा पेटलेला पडदा, त्यापुढे घोड्याचं काळंभोर डोकं. पण नीट बघितलं तर ताऱ्यांभोवती नारिंगी कडी पडली होती. आणि घोड्याच्या खाली एक लहानसा निळा धूसर ढग असतो, शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश परतवणारा. तो लालीत बुडून नाहीसाच झाला होता.

नाना शेजारी बसले होते. डोळ्यांच्या कडेने त्यांना मोठे डाग आणि त्यांचे रंग अजून कळायचे. "इतकं लाल हाय का तिथं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी जास्त घातलंय."

"मग काढ."

मी सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. रानातले रंग पायाला ठेवले. तारे त्यातलेच राहू दिले, हायड्रोजनला हातसुद्धा लावू दिला नाही. मग जिथे खरोखर वायू आहे तिथेच तो थोडा थोडा चढवत गेले. नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता. "कमी. अजून कमी. कापूस पिळून घ्यायचा आधी. हं. आता सोड." मध्यभागी भोक असलेल्या नजरेने ते सांगत होते आणि दर वेळी बरोबर सांगत होते. निळा ढग हळूहळू परत आला.

एक गोष्ट राहिली होती. तोच हायड्रोजन त्या लाल रेघेबरोबर एक फिकी निळसर रेघही सोडतो. फिल्टर ती अडवतो. म्हणून प्रामाणिक राहायचं तर तपशिलाचा लहानसा वाटा निळ्यातही घालावा लागतो. मी तो घातला. विटेसारखा लाल थोडा उजळला, मऊ झाला.

"आता बघा," मी सहज म्हणाले, "गुलाबीकडे झुकला."

मनगटावरचा हात उचलला गेला.

"गुलाबी कशाला केलास?"

"नाना, तसाच असतो तो."

"खरा, का तुझ्या मनाचा?"

"खरा."

"नक्की? कुनी सांगितलं म्हनून नाही केलास? छान दिसतो म्हनून?"

त्यांचा आवाज चढला होता. मी खुर्ची वळवली. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं, आणि पन्नास वर्षांत कुणाला, आईलासुद्धा, न सांगितलेली गोष्ट मला सांगितली.

उदगीरकडचं एक जोडपं होतं. नवरा शाळामास्तर. जानेवारीत नामपल्लीचं प्रदर्शन बघायला पाच वर्षांच्या मुलीला घेऊन हैदराबादला आले, स्टुडिओत तिचा फोटो काढला, पावती घेतली आणि गावी गेले. फोटो न्यायला आले ते उन्हाळ्यानंतर. मुलगी तापाने गेली होती. बाईच्या हातात नुसती पावती होती. फोटो त्यांच्यापैकी अजून कुणी पाहिलासुद्धा नव्हता.

मालकाने रंगवून देतो म्हटलं. मालक मारवाडी, त्यांना मराठी धड येत नव्हतं, म्हणून बाईशी बोलायला आतून नानांना बोलावलं. नानांनी विचारलं, फ्रॉक कोणत्या रंगाचा होता? बाई म्हणाली, हिरवा. कसा हिरवा? मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा.

"मी तसाच रंग कालवला होता माय. मालक म्हनले, तपकिरी फोटोवर हिरवा मळकट दिसतो, लेकराला गुलाबी घाल, आईबाप खूश होतात. मी घातला. मला पन तो छान दिसला. खोटं कशाला बोलू."

बाईने फोटो बराच वेळ बघितला. पदरात गुंडाळून घेऊन गेली.

पुढच्या वर्षी ती परत आली. कुशीत दोन-तीन महिन्यांचं बाळ होतं. नानांना म्हणाली, भाऊ, माझी पोर मला आता तुमच्या गुलाबी फ्रॉकातच दिसते. खरा फ्रॉक डोळ्यांपुढून गेला. किती आठवला तरी येत नाही. तो रंग काढून द्या, किंवा बिनरंगाचा फोटो असेल तर तो तरी द्या.

"मी म्हनलो, नाही. काहीच शिल्लक नाही."

"नव्हतंच ना, नाना?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "होता. दोन प्रती काढल्या होत्या. दुसरी माझ्या खणात होती, कोरी. पन मालक पाठीमागं उभे होते, आणि मला लाज वाटली. कशाची लाज, ते मला आजवर कळलं नाही. संध्याकाळी तो फोटो घेऊन नामपल्ली ठेसनाला पळत गेलो. गाडी निघून गेली होती."

आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या फोटोपेपरच्या काळ्या पाकिटात तो फोटो निघाला. मीच काढला. एक मुलगी लाकडी खुर्चीच्या हाताला धरून उभी आहे. केसांत रिबिन, एका पायातला मोजा खाली घसरलेला. ती हसत नाही. फोटो काढणाऱ्याच्या मागे काहीतरी चाललंय, तिकडे बघते आहे. फ्रॉक राखाडी आहे. तो हिरवा होता, हे तो सांगू शकत नाही, आणि गुलाबी होता असंही म्हणत नाही.

"अशीच उभी राहते ती," नाना म्हणाले. फोटो त्यांना दिसत नव्हता. "खुर्ची नसली तरी हात तसाच धरलेला असतो."

मी म्हटलं, नाना, हे आता मी रंगवून देऊ शकते. मुगाच्या शेंगेचा हिरवा. त्यांनी जोरात मान हलवली. "नक्को. आपन पाहिलेला नाही तो."

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: उदगीर, मास्तर, दोन प्रती. उदगीरला माझा मामेभाऊ असतो. त्याला मी मोबाइलवर फोटो पाठवला आणि सगळी हकीकत लिहिली. नानांना सांगितलं नाही. काही कळलं नसतं तर त्यांना ते दुसऱ्यांदा सोसावं लागलं असतं. भावाने तो इकडे तिकडे पाठवला. आठवडा गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा चालू असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी नलिनी बोलते, उदगीरहून. तुम्ही पाठवलेला फोटो आमच्याकडे आला. हाच फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे. पण रंगीत."

मी फोनचा स्पीकर लावून तो नानांच्या कानाजवळ धरला. दोन वाक्यांत कोण ते सांगितलं. नानांनी आधी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"शकू. शकुंतला. माझी मोठी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही."

"तुमची आई पुढच्या वर्षी आली होती. कुशीत बाळ होतं."

"ते मीच असणार."

नानांनी तिला सगळं सांगितलं. गुलाबी, हिरवा, खणातली प्रत. काही वगळलं नाही. मग नलिनीताई सावकाश म्हणाल्या, "आई जाऊन दहा वर्षं झाली. काका, तुम्हाला एक सांगू? आई मला कायम गुलाबीच फ्रॉक शिवायची. शाळेत सगळ्या मला गुलाबी म्हणूनच हाक मारायच्या. मला वाटायचं, आईला तो रंग आवडतो. नंतर नंतर, कॉलेजात जायच्या वेळी, मी एकदा निळा ड्रेस आणला तर आई मला ओळखत नसल्यासारखी बघत राहिली."

नाना रडत होते. गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि पोरांनी एकच कल्ला केला.

"मी येते," नलिनीताई म्हणाल्या. "तो फोटो टपालाने पाठवू नका."

मधल्या दिवसांत मी तेजोमेघाचं काम पुरं केलं. नानांनी जिथे थांबवलं होतं तिथेच थांबले. निळ्यातला तो लहान वाटा मात्र राहू दिला आणि तो का राहू दिला हे त्यांना पुन्हा नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझ्याकडं पुरावा हाय. ठेव." आता, तीन वर्षांनी, यंदाच्या फोटोंवर मी पुन्हा बसले आहे. लाल वाढवत जाते आणि एका जागी हात आपोआप जड होतो. त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात नाना गेले. पण ते वजन मनगटावरून उतरलेलं नाही, आणि उतरावं असं मला वाटतही नाही. कुठलाही तेजोमेघ मी आता निर्धास्तपणे रंगवू शकत नाही. तिथे कुणी नाही, कुणाची आई येऊन काही मागणार नाही, हे कळूनसुद्धा.

नलिनीताई त्याच जानेवारीच्या अखेरीस आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, राखाडी सुती साडी नेसलेल्या. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्या दिवाणावर बसून तो बघत राहिल्या. त्यांनी त्या घसरलेल्या मोज्यावरून बोट फिरवलं. "हा मोजा आमच्या फोटोत दिसत नाही," त्या म्हणाल्या. "रंगाखाली गेला असेल."

नाना समोर खुर्चीत होते. मान बाजूला वळवून ते दिवाणाकडे बघत होते. त्यांची नजर नलिनीताईंवर नव्हती. ताईंच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, जिथे दिवाणाची कड होती, तिथे नजर खिळली होती. मला कळलं. मी विषय बदलायला, चहाचं विचारायला तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले.

"तुम्हाला भिववायचं म्हनून सांगत नाही. माझे डोळे गेलेत, मला नसलेलं दिसतं, डॉक्टरनी सांगितलंय. पन ती आत्ता तुमच्याजवळ उभी हाय."

मी नलिनीताईंकडे बघायचं टाळलं. त्या उठून जातील, किंवा हात जोडतील, किंवा मला म्हणतील की यांना सांभाळा. खाली भाजीवाल्याची बंडी ओरडत गेली.

त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. डावीकडे बघितलं. काहीच नव्हतं तिथे, चादरीची सुरकुती होती. मग त्यांनी साडीच्या निऱ्या सावरल्या, पिशवी उचलून उजव्या बाजूला घेतली, आणि त्या थोड्या सरकून बसल्या. शेजारी एका लहान मुलीपुरती जागा झाली.